कंपनी परदेशी मालकाकडे जाते तेव्हा नोकरदाराने काय करावे

विक्रीची बातमी येताच सगळे ‘नोकरकपात किती?’ एवढंच विचारतात. त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: नेमकं काय विकलं गेलं? कंपनीचे शेअर, की धंद्याचा एखादा विभाग?

शेअर विकले असतील तर तुम्हाला पगार देणारी संस्था तीच राहते. वॉलमार्टने २०१८ साली फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला; व्यवहार झाला तो सिंगापूरच्या मूळ कंपनीच्या शेअरचा. अशा वेळी नियुक्तिपत्र, पीएफ, ग्रॅच्युइटीची सेवा जशीच्या तशी चालू राहते. तरीही नवं नियुक्तिपत्र पुढे आलं, तर ते कशासाठी हे लेखी विचारा आणि रुजू झाल्याची मूळ तारीख त्यात आहे का पाहा.

विभाग विकला असेल तर मालकच बदलतो. इथे तीन गोष्टी लेखी हव्यात: सेवा खंडित होणार नाही, अटी आधीपेक्षा कमी नसतील, आणि पुढे कपात झालीच तर नवा मालक जुनी सेवा धरून भरपाई देईल. यातलं एक जरी नसलं, तरी वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीसारखीच नोटीस आणि भरपाई मिळायला हवी. हे संरक्षण आधी औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेत आहे. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत. मात्र पाटीवर ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ लिहिल्याने ते ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. म्हणून रोजच्या कामाचं स्वरूप दाखवणारी कागदपत्रं जपा.

मालक कोण हे पगारपावती, फॉर्म १६ आणि पीएफ पासबुकवर पडताळा. तिन्हीवर एकच नाव हवं.

घोषणा म्हणजे व्यवहार नव्हे. मोठ्या खरेदीला भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते आणि ती मिळेपर्यंत खरेदीदाराला कारभार हाती घेता येत नाही. फ्लिपकार्टला मे ते ऑगस्ट एवढा वेळ लागला. मुंबईच्या बिलडेस्क या ऑनलाइन पेमेंट कंपनीचं तर वेगळंच झालं: त्याच धंद्यातल्या, परदेशी मालकीच्या पेयूने ऑगस्ट २०२१ मध्ये ४.७ अब्ज डॉलरची खरेदी जाहीर केली, सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये पेयूने व्यवहारच रद्द केला. घाबरून आधीच राजीनामा देऊ नका. हा मधला काळ तुमचा आहे.

त्या काळात नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रं, पगारपावत्या आणि ईसॉपची (कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या शेअरच्या हक्काची) कागदपत्रं स्वतःकडे उतरवून ठेवा. विलीनीकरणानंतर जुनं एचआर पोर्टल अनेकदा बंद होतं आणि मग हेच कागद मागत फिरावं लागतं. कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची माहिती मात्र अजिबात घेऊ नका; तेवढ्यावरून बडतर्फी होऊ शकते.

कुऱ्हाड कुठे पडेल याचा अंदाज बांधता येतो. आयगेट या आयटी कंपनीने २०११ साली पटनी ही आयटी कंपनी घेतली, २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने सुमारे ४ अब्ज डॉलरला आयगेट घेतली. कॅपजेमिनीला हवा होता उत्तर अमेरिकेतला व्यवसाय. अशा खरेदीत त्या ग्राहकांचं काम करणारे सर्वांत सुरक्षित. दोन हिशेब विभाग, दोन एचआर, दोन खरेदी विभाग मात्र कुणाला नको असतात. उत्पादन विकणाऱ्या कंपनीत खरेदीदाराकडे तुमच्यासारखंच उत्पादन आधीपासून असेल, तर धोका थेट अभियंत्यांपर्यंत येतो. थांबण्यासाठी बोनस मिळत असेल, तर ‘कंपनीने काढल्यास तो परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य करारात घालून घ्या. बोनसची मुदत संपते तेव्हा पुन्हा सावध व्हा.

ईसॉपबद्दल विचारा: हक्कात आलेल्या ईसॉपचे रोख पैसे मिळणार का, अजून हक्कात न आलेल्यांचं काय, नोकरी सुटल्यावर ते वापरायला किती दिवस? बदल्यात परदेशी शेअर मिळाले, तर एकही न विकताही दरवर्षी आयकर विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावे लागतात. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे; १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाख रुपयांपर्यंत असेल तर तो लागत नाही.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते बंद खोलीत सही करून दिलेल्या राजीनाम्याने. कपात झाली तर कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. स्वतःहून राजीनामा दिला की हा हक्क जातो. ग्रॅच्युइटी वेगळी, ती राजीनाम्यानंतरही मिळते: कायम नोकरीत ५ वर्षं झाली असतील, तर शेवटच्या मासिक वेतनाला (मूळ पगार व महागाई भत्ता, आणि बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असल्यास तो जादा भाग) १५ ने गुणून २६ ने भागा आणि वर्षांनी गुणा. ६०,००० रुपये आणि ८ वर्षं धरली तर २,७६,९२३ रुपये.

‘आत्ताच सही करा’ म्हटलं तर मसुदा मागून घ्या आणि बाहेर पडा. त्याच दिवशी एचआरला ईमेल करा: बैठक कधी झाली, कोण होतं, काय मागितलं, आणि ‘मी राजीनामा दिलेला नाही’. त्याची प्रत वैयक्तिक पत्त्यावर ठेवा. दबाव थांबला नाही, तर ती जोडून कामगार आयुक्तालयात तक्रार करा.