बारावीनंतर थेट फार्मसीला जायचंय? मग बारावी चालू असतानाच हे करून ठेवा

आपल्या नागपुरात बायोवाले बरेचसे पोट्टे नीटची तयारी करून राहिले असतात आणि फार्मसी आठवते ती नीटचा निकाल लागल्यावर, तोवर एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, होऊन गेलेली असते अन् मग आईबाप कॉलेजा-कॉलेजात चकरा मारत बसतात. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो, डॉक्टरच व्हायचं असलं तरी सीईटीचा फॉर्म भरून टाका. बी.फार्मच्या (फार्मसीची डिग्री) राज्यातल्या जागांसाठी सीईटीचा स्कोर लागतो. पीसीबीला, म्हणजे बायोवाल्यांच्या ग्रुपला, फिजिक्स 50, केमिस्ट्री 50 आणि बायोचे 100 प्रश्न, एकेक मार्काचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचं नाही. मॅथ्सवाल्यांनाही चालतं बरं का, पीसीएमवरून (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) बी.फार्म मिळते, फक्त पहिल्या वर्षाला रेमेडियल बायोलॉजी करावं लागतं.

आता कोर्स कोणता. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, 2 वर्षांचं, त्याला सीईटी नाही, बारावीच्या मार्कांवर लागतं, पण नंतर 500 तासांची ट्रेनिंग आणि आता एक्झिट एक्झामचाही (कोर्स संपल्यावरची परीक्षा) नियम आहे. बी.फार्म 4 वर्षं. फार्म.डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) 6 वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मेडिकल स्टोअर लवकर टाकायचं असेल तर डी.फार्म पुरतं, आणि पुढे वाटलं तर त्यावरून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कंपनीत, रिसर्चमध्ये जायचं असेल तर बी.फार्मच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी गडबड होते ती कागदपत्रांत. दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, आधार हे तर असतंच, पण डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर आणि मुख्य म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र, हिला फार वेळ लागतो. तिचा अर्ज अकरावीतच करा, दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन नीट विचारून या. आमच्या घरच्या पोरीच्या वेळी आम्ही बारावीच्या निकालापर्यंत थांबलो आणि ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तिच्यासोबत मीही रोज तिथे उभा होतो, तेव्हा जी धाकधूक झाली ती कोणाच्या वाट्याला येऊ नये. नॉन-क्रिमिलेयरवरची तारीखही बघून घ्या, पुढल्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालणारं पाहिजे.

सीईटीचा निकाल आला की संपलं असं नाही, कॅपचं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची तपासणी, प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट, त्यात चूक दिसली तर लगेच तक्रार, मग फायनल लिस्ट आणि मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची क्रमवार यादी. ऑप्शन फॉर्म भरताना "हे कॉलेज मला मिळेल का" हा विचार करून क्रम लावू नका, खरंच जे हवं तेच वर टाका. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की सीट फ्रीज होते, म्हणजे पक्की होते, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही. अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा फार्मसी विभाग, कामठी, बेसा, वानाडोंगरीकडची खाजगी कॉलेजं, सगळीकडे आधी स्वतः जाऊन लॅब बघा, शिकणाऱ्या पोरांशी बोला आणि फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर त्या कॉलेजची मान्यता तपासा. मान्यता नसली तर डिग्री हातात येईल पण फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन होणार नाही.

पैशाचंही सांगतो. कोणी म्हणालं "कॅप कशाला, डायरेक्ट मॅनेजमेंटमधून घ्या" तर घाई करू नका, कारण सरकारी फी सवलत कॅपमधून घेतलेल्या अ‍ॅडमिशनलाच मिळते. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अ‍ॅडमिशन झाली की त्याच आठवड्यात महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीची वेबसाइट) फॉर्म भरा आणि आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, नाहीतर मंजूर झालेले पैसेही खात्यात यायचे नाहीत.