होस्टेलवर डेंग्यू: ताप उतरला की जास्त जपा

सप्टेंबर-ऑक्टोबरात होस्टेलवर कुणी तापाने फणफणलं की पहिला विचार येतो तो रात्रीची गाडी पकडून गावी जायचा. पहिल्या दिवशी, सोबत कुणी असेल तर ठीक. पण चौथ्या-पाचव्या दिवशी हाच प्रवास जिवावर बेतू शकतो.

डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो आणि धोक्याचे २४ ते ४८ तास तिथूनच सुरू होतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त दाट होतं, बीपी घसरतं. "ताप गेला, बरं वाटतंय" असं पेशंट म्हणतो, रूममेट लेक्चरला जातात आणि तो खोलीत एकटा पडतो. हे होऊ देऊ नका. त्या दोन दिवसांत रूममेटनी पाळ्या लावा, रात्रीसुद्धा.

ताप कधी सुरू झाला ते कागदावर लिहून ठेवा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी) चाचणी उपयोगाची, त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची). सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि ती डॉक्टर सांगतील तशी रोज. सगळे प्लेटलेटचा आकडा बघत बसतात. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते) वाढतोय का, हेही डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची सहसा गरज नसते, त्यामुळे उगीच पिशव्यांसाठी धावाधाव नको.

औषध फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. लिव्हरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंग फार दुखतं म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मारून घेतलेलं इंजेक्शन बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचंच असतं, तेव्हा नाव विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करून नाही. मेसमधून भाताची पेज, वरणाचं पाणी आणा. दर चार ते सहा तासांनी लघवी व्हायलाच हवी. झालेली वेळ त्याच कागदावर टिपा.

पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, गार पडलेले हातपाय, कमालीची सुस्ती किंवा तगमग, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि रेक्टरना उठवा. ते रागावतील म्हणून थांबू नका.

अ‍ॅडमिट करताना आधार कार्ड, आई-बाबांच्या पॉलिसीचं कार्ड आणि आतापर्यंतचे रिपोर्ट लागतील. विमा कंपनीला २४ तासांत कळवा. उशीर झाला तर क्लेम अडू शकतो. घरी फोन करताना "थोडा ताप आहे" असं गुळमुळीत सांगू नका. हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, डॉक्टर राउंडला कधी येतात हे सांगा, म्हणजे निघालेले आई-बाबा थेट तिथेच पोचतील. हजेरी आणि परीक्षेसाठी डिस्चार्ज कार्डाच्या प्रती काढून ठेवा. मूळ प्रत विम्याला जाते.

पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि तापाच्या दिवसांत पेशंटला चावलेला डास पुढे रूममेटलाही आजारी पाडू शकतो. कूलर आणि बाथरूममधल्या बादल्या दर आठवड्याला रिकाम्या करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.