गोठ्यासाठी वेगळा डीबी (वीज वाटणारी पेटी) बसवताना

घरापासून ३० मीटरवरचा गोठा, त्यात चार दिवे आणि २ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी. आधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहा. कमी असेल तर तो वाढवून घ्या. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

केबल ६ चौरस मिमी, तीन कोअर (आत तीन वायरी), तांब्याची, आर्मर्ड (बाहेरून पोलादी कवच असलेली). इथे पैसे वाचवू नका. २.५ची केबल दिव्यांना पुरते, पण कुट्टी सुरू होताना मोटार नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. व्होल्टेज पडतं, मोटार नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. चर अडीच फूट खोल, केबलच्या खाली-वर वाळू, त्यावर विटा.

घरच्या डीबीत ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. गोठ्यात ४० अँपिअरचा आयसोलेटर (हाताने सप्लाय तोडायचा स्विच), मग ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), पुढे दिव्यांना ६ आणि कुट्टीला २० अँपिअरचा सी-कर्व्ह (मोटार सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी.

सगळ्यात जास्त चुका न्यूट्रलमध्ये होतात. गोठ्याच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ कधीच जोडू नका. आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल आरसीसीबीआधीच्या न्यूट्रल बारवर (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीवर) गेला, तर दिवा लावताच आरसीसीबी पडतो. मग कोणीतरी तो बायपास करतं. ओल्या फरशीवर उभ्या जनावराच्या जिवाशी हा खेळ आहे! तिसऱ्या कोअरमधून घरची अर्थिंग आणाच, शिवाय गोठ्याजवळ एक इलेक्ट्रोड ठोका आणि लोखंडी गव्हाण, खांब त्याच अर्थला जोडा.

सप्लाय देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) केबल तपासा: रीडिंग १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर चालू करू नका.