बिनपंखांचं रॉकेट: उडवण्याआधी मोटर घालून तोला

पंख नाहीत म्हणजे रॉकेट सरळ ठेवायला मागे दुसरं काहीतरी हवंच. दिवाळीतल्या बाणाला ते काम काडी करते, आपल्या मॉडेलला खाली रुंद होत जाणारा कागदी घेर. नाक, नळी, पॅराशूट यांबद्दल सांगत बसत नाही, ते येतं तुम्हाला.

घेराला पातळ कार्डशीट घ्या. जाड कागदाने मजबुती येते, पण वजन नको तिथे, शेपटाकडे वाढतं. जोडावर गोंद थापू नका, तोही मागेच बसतो. घेर सरळ बसलाय ना, ते एक डोळा मिटून खालून बघा. तिरका असेल तर फाडून नवा करा, डागडुजी नको.

मग दाबकेंद्र, म्हणजे कललेल्या रॉकेटवर हवेचा आडवा जोर जिथे एकवटतो तो बिंदू. मॉडेल रॉकेटसाठीच्या बॅरोमनच्या सूत्रांनी तो कागदावर निघतो. समजा, 24 मिमीची नळी, 75 मिमीचं शंकूसारखं नाक, एकूण लांबी 360 मिमी आणि शेवटच्या 60 मिमीत व्यास 24 वरून 60. दाबकेंद्र टोकापासून सुमारे 289 मिमीवर येतं. घेर नसता तर ते पार पुढे, नाकातच 50 मिमीवर असतं. गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट बोटावर तोलून राहतं ती जागा, दाबकेंद्राच्या पुढे, नाकाकडे हवा, निदान एका नळीव्यासाइतका.

तो गुरुत्वमध्य मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारी दारूची नळकांडी, घालून काढायचा. पॅराशूट घडी करून आत, ते जळू नये म्हणून घालायचा कागद आत, आणि मोटर आत. वरचं रॉकेट मोटरीशिवाय 40 ग्रॅमचं, बोटावर 240 मिमीला तोललं. अंतर 49 मिमी, दोन व्यास, झकास! आता शेपटात सुमारे 24 ग्रॅमची सी6 मोटर सरकवा. गुरुत्वमध्य थेट 272 वर. उरले 17 मिमी, हवेत निदान 24. मागच्या खेपेला मी रिकाम्या रॉकेटवर खूश होऊन गेलो आणि उडवायचा रॉड सुटताच त्याने कोलांटी मारली, म्हणून परत लिहितो: मोटर घालून. जळालेली जुनी मोटरही चालणार नाही, तिच्यातली दारू गेलेली असते. दारू जळते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणजे सगळ्यात वाईट घडी सुरुवातीचीच. कमी पडलं तर नाकात 5 ग्रॅम क्ले दाबा, 256 च्या आसपास याल. मग पुन्हा तोला. हो, मोटर घालूनच.

मोटर वर लावली की लंबकासारखं सरळ राहील, असं कोणी सांगेल. ऐकू नका. अमेरिकन रॉकेटतज्ज्ञ गोडार्डने 1926 च्या रॉकेटमध्ये इंजिन वरच लावलं होतं, पुढे ते खाली नेलं. रॉकेट कललं की जोरही त्याच्याबरोबर कलतो.

दोऱ्याची चाचणी: गुरुत्वमध्याशी दोरा बांधून डोक्याभोवती फिरवा, मोटरसकट, पण इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, न लावता. नाक पुढे राहिलं पाहिजे. बुटक्या, जाड रॉकेटला ही चाचणी कधीकधी उगाच नापास करते. आपलं तसं नाही, नापास झालं तर उडवू नका.

मैदानावर फार काही नाही. रॉड निदान 90 सेंमी. अमेरिकेतल्या नियमांत वाऱ्याची मर्यादा ताशी 32 किमी आहे, तुम्ही निम्म्यावरच थांबा. घेराने हवेचा अडथळा वाढतो, रॉकेटचं वर जाणं लवकर थांबतं, म्हणून सी6-5 पेक्षा सी6-3 बरी (शेवटचा आकडा म्हणजे जोर संपल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद). 5 मीटर लांब उभे राहा. इग्नायटर शेवटी. आणि कोणी तिथेच जड मोटर हातात दिली, तर ती घालून आधी बोटावर तोला.