पाण्याचे क्लास घ्यायचेत? आधी खुरपं आणि बादली घेऊन बाहेर या

ज्यांच्याकडे थोडीशीच जमीन आहे किंवा घराभोवती बाग आहे अशा लोकांना कमी पाण्यात कसं भागवायचं ते शिकवायचंय, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. मी ह्यात चुकत चुकतच शिकले, तर तेच लिहिते, पटेल ते घ्या.

माझा पहिला क्लास म्हणजे चाळीस स्लाइड्स. बाष्पीभवन, बाष्पोत्सर्जन, पिकाचा गुणांक, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. लोक शांत बसले, टाळ्याबिळ्या पण वाजवल्या, आणि शेवटी मागे बसलेल्या एका काकांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो ताई, पण मी नळ किती वेळ चालू ठेवू?" आणि मी गप्प. कारण त्यांची माती कशी, नळाला धार किती, झाडाची मुळं किती खोल, ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यांनाही नव्हतं.

पुढचा क्लास मी उघड्यावर घेतला. सामान काय तर खुरपं, बादली, एकाच मापाचे काही रिकामे डबे, एक फूटपट्टी. आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की आपापल्या जमिनीतली माती काचेच्या बरणीत घालून आणा, साधारण एक तृतीयांश माती आणि वर पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब, दणकून हलवायची आणि मग अजिबात हात लावायचा नाही. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीला दिवस किंवा जास्तच, म्हणून एक बरणी मी आदल्या दिवशीच हलवून ठेवलेली असते, नाहीतर सगळे गढूळ पाण्याकडे बघत बसतात. थर दिसले की मला बोलावं लागत नाही, लोक एकमेकांच्या बरण्या बघायला लागतात, तुझी एवढी रेताड कशी, माझ्याच जमिनीच्या दोन टोकांना दोन तऱ्हा कशा, वगैरे. अशा वेळी मध्ये तोंड घालायचं नाही हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

मग बादली. दहा लिटरची बादली किती सेकंदात भरते ते घड्याळ लावून मोजायचं. 40 सेकंदात भरली तर मिनिटाला 15 लिटर, म्हणजे वीस मिनिटं पाइप सोडून चहा प्यायला गेलात की 300 लिटर गेले. काकांना हा हिशोब त्यांच्याच नळावर करायला लावला, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तुषार सिंचनाखाली डबे मांडून पंधरा मिनिटांनी फूटपट्टीने मोजायचं, डब्यात 5 मिमी आलं तर तासाला 20 मिमी, आणि कडेच्या डब्यात जवळजवळ काहीच नाही हेही तिथेच दिसतं. एक गणित मात्र पाठच करा: एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. 100 चौरस मीटर छपरावर 20 मिमी पाऊस पडला की 2000 लिटर, त्यातनं थोडं उडतं, थोडं छपराची घाण धुऊन येणारं पहिलं पाणी म्हणून सोडून द्यायचं. ह्या एका गणितावर अख्खा क्लास निघतो.

आता वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं. हा शब्द ज्यांच्या घरात शेती आहे त्यांना सांगावा लागत नाही, बागवाल्यांना बोटांनीच दाखवावा लागतो. बोटभर खोल माती काढायची, मुठीत दाबायची, गोळा होतो पण टिचकी मारली की फुटतो, तर आज पाणी नको. दुपारी पानांनी मान टाकली की लोक लगेच झारी घेऊन धावतात, पण संध्याकाळी ती आपोआप सावरतात का ते बघा आधी, आणि सकाळीही तशीच असतील तर माती तपासा, कारण पाणी जास्त झालं तरी मुळांना हवा मिळत नाही आणि झाड तसंच सुकल्यासारखं दिसतं. मी स्वतः असं एक झाड प्रेमाने बुडवून मारलंय, ते मी दर वेळी सांगते, मग लोक पण आपापली मेलेली झाडं बाहेर काढतात.

ठिबक हा जादूचा उपाय म्हणून विकू नका, मी विकला होता. फिल्टर नसेल तर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी बारीक तोंडं, बुजतात, आणि पाणी डोळ्याला दिसत नाही म्हणून माणसं तासन् तास चालूच ठेवतात. रेताड मातीत ते सरळ खाली जातं, चिकण मातीत आडवं पसरतं, ओलीच्या कडेला क्षार साठतात, हे सगळं सांगायला हवं. आच्छादनाचं, म्हणजे मातीवर पसरायच्या पालापाचोळ्याचं तेच, 5 ते 10 सेंमी थर पुरे, खोडाला टेकवायचं नाही.

जमीनवाले आणि बागवाले वेगळे बसवा असं मला सांगितलं गेलं होतं, मी नाही बसवत. जमीनवाल्याचं पोट त्यावर असतं, त्याला "सगळं बदला" म्हणायचं नाही, एक ओळ करून बघा आणि शेजारची जुन्या पद्धतीने ठेवा, एवढंच. बागवाल्याकडे रोज बघायला वेळ असतो, जमीनवाल्याला उताराची नजर असते. दोघांना मिळून तीन काठ्यांचा ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A सारखा सांगाडा, मध्ये दोरीला लटकवलेला दगड, असं करून समपातळी रेषा काढायला लावा. दोरी स्थिरावली की आडव्या काठीवर खूण करायची, पाय उलटे ठेवून परत खूण करायची, दोरी दोन खुणांच्या मधोमध आली की दोन्ही पाय एका पातळीत. पोरंसुद्धा रमतात.

वाचायचंच असेल तर 1989 मध्ये इंडोनेशियात भातशेतकऱ्यांसाठी सुरू झालेल्या शेतीशाळा बघा, अख्खा हंगाम दर आठवड्याला शेतातच भरायच्या, आणि 1972 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुरू झालेला मास्टर गार्डनर कार्यक्रम, लोकांचे प्रश्न सल्लागारांना आवरेनात म्हणून स्वयंसेवक तयार केले त्यांनी. पदवी असली तर उत्तम, पण एका वाफ्याची हंगामभराची स्वतःची वही नसेल तर लोक दहा मिनिटांत ओळखतात. आणि पैशाचं म्हणाल तर काम प्रकल्पावर चालतं, मध्ये मोकळे महिने जातात, ते धरूनच चला.

क्लास झाल्यावर तीन आठवड्यांनी मी फोन करते, काय टिकलं विचारायला. बहुतेकांचं एकच उत्तर, बादली. म्हणून आता एका बैठकीला एकच गोष्ट घेते. आणि हो, बरणीचं झाकण घट्ट लावून आणा हे निरोपातच लिहा, एका बाईंची अख्खी पर्स चिखलात गेली होती माझ्यामुळे.