अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनाशामक गोळ्या : या चुका टाळा

अक्कलदाढ काढून घरी आलेला माणूस बहुधा ‘सगळ्यांत स्ट्राँग गोळी कोणती?’ असे विचारतो, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. हे दुखणे मुख्यतः जखमेतील दाहाचे आणि सुजेचे असल्यामुळे आयबुप्रोफेन येथे नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा सहसा सरस ठरते; दोहोंची काम करण्याची तऱ्हा वेगळी असल्याने ती एकत्र घेतल्यास आराम आणखी चांगला पडतो.

मात्र ‘दोन गोळ्या चालतात’ एवढेच ध्यानात ठेवले की गफलत होते. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तर झेरोडॉल-एसपीमध्ये असेक्लोफेनॅक आणि पुन्हा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. आयबुप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक एकाच गटातील असल्याने दोन्ही घेतल्यास आराम फारसा वाढत नाही, पोटाला व मूत्रपिंडांना असलेला धोका मात्र वाढतो. त्यावर अंग कसकसते म्हणून डोलो ६५० घेतली, तर पॅरासिटामॉल तिसऱ्या वाटेने पोटात जाते. निरोगी प्रौढासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. औषधाच्या दुकानात पट्टी कापून चार गोळ्या दिल्या जातात आणि घटक छापलेला तुकडा नेमका तिथेच राहतो, म्हणून पूर्ण पट्टीच्या मागील बाजूचा फोटो आधी काढून घ्यावा.

दुसरी चूक वेळेची. बधिरता उतरून ठणका सुरू होण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोळी, थोडा गार मऊ भात खाऊन, त्याआधीच घ्यावी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते.

दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा घरगुती उपाय तर कृपया करू नका. त्याने हिरडी भाजते.

दोन-तीन दिवसांनी दुखणे उतरण्याऐवजी वाढले, कानापर्यंत कळ जाऊ लागली आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर खळग्यातील रक्ताची गुठळी निघून ‘ड्राय सॉकेट’ झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी बदलत बसू नये. दंतवैद्य खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी उतार पडतो.