पहिली पावडर स्की घेताना चौथ्या दिवसाचा विचार करा

दिवाळीच्या आधी भाच्याचा बेंगळूरहून फोन आला. "मामा, 118 ची स्की घ्यालोय. सेलला लागलीय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच की."

118 ची म्हणजे मधे 118 मिलिमीटर रुंद, पावडरवर, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फावर, तरंगणारी स्की. भाचा पाच फूट सहा इंच, वजन 68 किलो. दोन हिवाळे मिळून गुलमर्गला वीसेक दिवस बर्फावर घालवलेला. वळणं जमतात, उतारावर घाबरत नाही, पण सकाळच्या टणक बर्फावर अजून स्कीच्या पोलादी कडेवर उभा राहत नाही. मी म्हटलं, "पैसे भरू नकोस. दिवाळीला येळ्ळूरला येणार आहेस न्हवं, येताना शहापुरातनं कुंदा घेऊन ये. मग बघू." त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. आमच्या बेळगाव-खानापूर भागातली बरीच पोरं आता हौसेनं गुलमर्गला जायला लागलीत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, पहिली पावडर स्की कोणती घ्यायची.

माझ्याबद्दल थोडकं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं हवालदार म्हणून निवृत्त झालो. रेजिमेंटचं सेंटर 1922 पासून बेळगावात, त्यामुळं आमच्याकडं फौजेत जाणं म्हणजे शेजारच्या गल्लीत जाण्यासारखं. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये. ही शाळा 1948 साली सुरू झाली तीच मुळी स्की स्कूल म्हणून. आम्हाला दिलेल्या स्की लांब आणि अरुंद. खोल बर्फात त्यांचं टोक बुडायचं आणि पाठोपाठ आमचं तोंड. आता भाताची कापणी-मळणी उरकली की दर हिवाळ्यात महिनाभर तिथल्या ओळखीच्या एका भाड्याच्या दुकानात वॅक्स (तळाला लावायचं मेण) आणि बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवायच्या पकडीच्या) कामाला जातो. त्यामुळं कोण काय घेऊन येतं आणि चार दिवसांनी काय म्हणतं, हे दोन्ही बघायला मिळतं.

आधी रुंदीचं. ज्यानं भाताची लावणी केलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. चिखलणी झालेल्या वाफ्यात अनवाणी पाय टाकला की पोटरीपर्यंत जातो. त्याच चिखलावर बैलांमागच्या फळीवर उभं राहिलं की माणूस तरंगतो. वजन तेच, चिखल तोच, फक्त भार पसरला. पावडर स्कीचं काम एवढंच. आता त्या फळीवर पुढं जास्त वाकून बघा. फळी नाक खुपसते, म्हणून जुनी माणसं अंगठे उचलून मागं रेलून उभी राहतात. आम्हीही अरुंद स्कीवर तेच करायचो आणि संध्याकाळपर्यंत मांड्या पेटायच्या. त्यावरचा उपाय म्हणजे रॉकर, फळीचं नाक आधीच वर वळवून ठेवायचं. शेन मॅककॉन्की नावाच्या स्कीयरनं पाण्यावरच्या स्की बर्फावर चालवून बघितल्या आणि त्यातनं 2002 मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅट्युला निघाली. मधोमध बाक खाली आणि दोन्ही टोकं वर, होडीच्या तळासारखी. आजच्या बहुतेक रुंद स्कीत तिचा अंश आहे.

पण तीच फळी वाफ्यातनं काढून डांबरी रस्त्यावर आणा. रुंद स्कीची टणक बर्फावर तशीच गत होते. तिथं फळी नको, विळ्यासारखी धार पाहिजे.

आणि गुलमर्गला चिखल रोज नसतो. बर्फ पडतो त्या दिवशी गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर जी मजा असते तिला तोड नाही. दुपारपर्यंत सगळा उतार लोकांनी उभा-आडवा कापलेला असतो. दुसऱ्या दिवशी तिथं ढेकळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उन्हाच्या बाजूला वरनं कडक पापुद्रा, वाऱ्याच्या बाजूला थापून बसलेला बर्फ, आणि मऊ काय ते फक्त खालच्या बाबा रेशी दर्ग्याकडच्या झाडांत. चिल्लई कलानचे, काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस, म्हणजे 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, बर्फ निदान कोरडा असतो. मार्चमध्ये दुपारी तो इडलीच्या पिठासारखा होतो. एकच जोडी घेऊन हे सगळं पार करायचं असेल तर ती पहिल्या दिवसासाठी नको, चौथ्या दिवशी चालेल अशी पाहिजे. पहिल्या दिवशी काय, कशावरही हसू येतं.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा 134-100-122. टोक, कंबर, शेपूट, सगळे मिलिमीटरमध्ये. आपल्याला मधला आकडा बघायचा. 85 च्या खाली म्हणजे यंत्रानं घोटून सपाट केलेल्या उतारावरची स्की. 110 च्या वर म्हणजे निव्वळ पावडरची, घरात दुसरी जोडी असणाऱ्याची. 75 किलोच्या आतल्या माणसानं पहिली म्हणून 98 ते 104 घ्यावी. 85 किलोच्या वरचा गडी असेल तर 106-108 पर्यंत जायला हरकत नाही. भाच्याला वाटत होतं 75 वरनं 105 ला गेलं की 40 टक्के जास्त तरंगणार. तसं नसतं रे तम्मा. 40 टक्के वाढली ती कंबर. टोकं दोन्हींचीही रुंदच असतात, त्यामुळं एकूण क्षेत्रफळ तेवढं वाढत नाही. शंभराच्या पुढं दर दहा मिमीला तरंगणं थोडंच वाढतं आणि गुडघ्याचं बिल मात्र जास्त येतं.

गुडघ्याचं मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय. निवृत्तीनंतर पहिल्याच हिवाळ्यात एक परदेशी पाहुणा 120 च्या आसपासची जोडी स्वस्तात टाकून चालला होता, मी उचलली. पहिले दोन दिवस राजा. मग पाच दिवस नवा बर्फ नाही. बुटाचा तळ साधारण स्कीच्या कंबरेएवढा असला तर कड बुटाखाली येते. स्की फारच रुंद असली की कड बुटाच्या बाहेर जाते आणि टणक बर्फ तिला दर वळणावर उताणी पाडायला बघतो. ती धरून ठेवायचं काम गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतं. पाचव्या दिवशी डावा गुडघा पपईसारखा सुजला. जोडी आहे त्याच किमतीला दुसऱ्याला दिली. त्याचा गुडघा कसा आहे विचारलं नाही.

आकार दुकानात दोन मिनिटांत तपासता येतो. जोडीचे तळ एकमेकांना लावून उभ्या धरा. मधे फट दिसली तर तो कॅम्बर, म्हणजे स्कीचा मधला वर उचललेला बाक, तो टणक बर्फात कड रोवतो, तो पाहिजेच. मग मधे हातानं दाबून फट मिटवा आणि वर बघा, दोन स्की कुठनं एकमेकींपासून सुटतात. टोकाकडनं एक ते दीड वीत सुटल्या तर छान. शेपटीकडं वीतभराच्या आत. शेपटी फार उचललेली असली की ती वळणाच्या शेवटी सरकते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. मधे फट अजिबात नाही, म्हणजे स्पॅट्युलाच्या वंशातली. ती पहिली म्हणून नको.

लांबीत पोरं दोन्हीकडनं चुकतात. घोटलेल्या उतारावरची स्की हनुवटी-नाकापर्यंत घेतात, तीच सवय इथं लावली तर ती आखूड पडते. कारण रॉकरचा भाग टणक बर्फाला टेकतच नाही, 172 ची स्की 155 सारखी वागते. म्हणून ही कपाळापासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत. भाचा 168 सेंमी, त्याला 170 ते 174. 184 घेऊन झाडांत शिरणारा एक धाडसी आमच्या दुकानात दरवर्षी येतो आणि दरवर्षी शेपटी झाडात अडकवून येतो.

वळणाची त्रिज्याही छापलेली असते. 17 ते 19 मीटर बघा. 14-15 ची स्की खोल बर्फात आपणहून वळायला ओढते, 22 च्या पुढची वेग मागते.

वजन आणि लाकूड हा माझा आवडता भाग, कारण आमच्या गल्लीतल्या सुताराला पहिल्यांदा स्की दाखवली तेव्हा त्यानं ती बोटानं वाजवून, "आत लाकूड हाय की ओ," असं लगेच सांगितलं. बरोबरच. बहुतेक चांगल्या स्कीत पॉपलर, बीच, अ‍ॅश किंवा पावलोनियाच्या पट्ट्यांचा गाभा असतो, वरखाली फायबरग्लास, काहींत टायटानल नावाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा. पत्रा असला की कडक बर्फावर थरथर कमी, पण चूक माफ होत नाही. दोन पूर्ण पत्र्यांची स्की पहिली म्हणून कुणालाच सांगत नाही. अर्धवट पत्रा किंवा नुसतं लाकूड-फायबर बरं. 172 च्या एका स्कीचं वजन 1800 ते 2000 ग्रॅम असावं. दीड किलोच्या आतल्या हलक्या असतात त्या डोंगर चढून जाणाऱ्यांसाठी. ढेकळांत त्या पत्रावळीसारख्या उडतात.

नावंच पाहिजेत म्हणाल तर सॉलोमनची क्यूएसटी 98, अ‍ॅटॉमिकची बेंट 100, ब्लिझार्डची रस्टलर 10, ह्या घराण्यात शोधा. नॉर्डिकाची एनफोर्सर 100 चांगली, पण ती पत्र्याची, अंगात जोर पाहिजे. चित्र बघून घेऊ नका. वरची नक्षी दरवर्षी बदलते, खालची स्की दोन-तीन वर्षं तीच असते, म्हणून मागच्या वर्षीची घेतली तरी चालते.

पण थांबा, बूट आहेत का? नसतील तर स्कीचे पैसे आधी बुटात घाला. भाड्याचे बूट शंभर पायांनी सैल केलेले असतात. आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढं टेकवा. टाचेमागं दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. आपल्याकडं रुंद, अनवाणी वाढलेले पाय जास्त. रुंद कवच मागा, एक नंबर मोठा नको.

बाइंडिंग बुटाच्या तळाशी जुळणारं पाहिजे. साधा तळ आणि ग्रिपवॉक (चालायला सोपा, वळणदार रबरी तळ) यांत गल्लत झाली तर पाय सुटायच्या वेळी सुटत नाही. ब्रेकची (सुटलेल्या स्कीला अडवणाऱ्या दांड्यांची) रुंदी कंबरेएवढी किंवा फार तर 15 मिमी जास्त. बाइंडिंगची भोकं पाडायला आमच्या सुताराकडं नको. स्कीचं ड्रिल नऊ मिमीवर आपोआप थांबतं, त्याचं तळातनं बाहेर येईल. बाइंडिंगमधनं बूट सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची चाल बघून तक्त्यावरनं लावतात. "थोडा वाढवून ठेव" असं दुकानात म्हणू नका. आणि खोल बर्फात ब्रेक काही अडवत नाही. सुटलेली स्की खाली घुसते आणि एप्रिलमध्ये सापडते. रंगीत फितीचे दोर पँटच्या पायात खोचून ठेवायचे.

रुंद स्की घेतली म्हणजे मुख्य उताराच्या हद्दीच्या दोरीपलीकडं जायचा परवाना मिळाला असं नाही. 2010 च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला आमच्याच शाळेचे जवान हिमस्खलनात गेले. प्रशिक्षित माणसं होती ती. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरायचा सराव नसेल तर मुख्य उतारावरच राहा.

घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं चालवा, एक दिवस 100, एक दिवस 110. तेही बर्फ पडून तीन दिवस झाल्यावर. जुनी घेणार असाल तर कडेवर बोट फिरवा, तळाला लाकूड दिसेपर्यंतचा खड्डा आहे का बघा, आणि बाइंडिंगखाली किती वेळा भोकं पाडलीत ते विचारा. दोनदा पाडली असतील तर किंमत निम्मी, तीनदा असतील तर नमस्कार.

शेवटचं आपल्या मुलखाचं. गोवा एक्स्प्रेसनं दोन रात्री स्की बर्थवर कुशीत घेऊन येणं सोपं, जूनमध्ये तिला सांभाळणं अवघड. बेळगावचा पावसाळा पोलादी कडा पंधरा दिवसांत तांबड्या करतो. घरी आल्यावर पिशवीतनं काढून पूर्ण वाळवा, तळावर जाड वॅक्स इस्त्रीनं पसरा, कडांवरही येऊ द्या आणि तसंच ठेवा, खरवडायचं ते डिसेंबरात. इस्त्री जुनी, वाफेची भोकं नसलेली. पत्र्याखालचा माळा नको, गोठ्याची भिंत नको. दोन्ही स्की आवळून बांधू नका, कॅम्बर बसतो.

भाच्यानं शेवटी 100 ची, 172 लांबीची घेतली. बेंगळूरच्या खोलीत जागा नाही म्हणून ती सध्या आमच्या माजघरात कॉटखाली, वॅक्स चोपडून पडलीय. बायको झाडताना दर वेळी विचारते, "ह्या फळ्या कुठल्या वाफ्यात मारायच्या आहेत?"